जीपच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती

जीपच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती म्हणजे जुन्या फोर व्हील ड्राइव्ह वाहनातील, हाताने गिअर बदलावयाच्या यंत्रणेत झालेली झीज शोधणे, झिजलेले भाग बदलणे आणि यंत्रणा पुन्हा मूळ मापांत बसविणे. प्रस्तुत लेख मुख्यतः महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने भारतात बनविलेल्या सीजे-३बी जातीच्या जीपमधील टी-९० या तीन गतींच्या गिअरबॉक्सविषयी आणि त्याच्या पाठीमागे जोडलेल्या स्पायसर १८ या ट्रान्सफर केसविषयी आहे. नंतरच्या चार व पाच गतींच्या गिअरबॉक्सांची अंतर्गत रचना वेगळी असली तरी झिजेची कारणे व निदानाची रीत बरीचशी हीच आहे.

या गिअरबॉक्सचा सर्वांत परिचित दोष म्हणजे चालत्या गाडीत दुसरा गिअर आपोआप निसटणे. सपाट रस्त्यावर हा दोष केवळ त्रासदायक असतो. घाट उतरताना तो जिवावर बेतू शकतो. या दोषावर अनेकदा गिअरच बदलला जातो. वास्तविक तो बहुधा गिअरच्या दात्यांत नसून शाफ्टच्या मागे-पुढे सरकण्यात, म्हणजे मिस्त्री ज्याला 'प्ले' म्हणतात त्यात असतो. त्यामुळे महाग सुटा भाग घालूनही दोष परत येतो आणि पुष्कळदा चांगला गिअरबॉक्स भंगारात जातो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी बनविलेल्या जीपमध्ये टी-८४ हा गिअरबॉक्स होता. युद्धानंतर नागरी वापरासाठी विलीजने काढलेल्या सीजे मालिकेत त्याच्या जागी अधिक मजबूत असा, बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-९० आला. भारतात महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सुटे भागही टप्प्याटप्प्याने देशातच तयार होऊ लागले. उंच बॉनेटवरून ओळखू येणारी सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघाली. भारतात मात्र तिचे उत्पादन निरनिराळ्या नावांनी त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. १९८० च्या दशकात प्यूजो बनावटीच्या रचनेचे डिझेल इंजिन व चार गतींचा गिअरबॉक्स असलेल्या एमएम ५४० सारख्या गाड्या आल्यानंतरही तीन गतींच्या जुन्या जीप ग्रामीण भागात चालूच होत्या.

वऱ्हाडातील वापर

अकोला व अमरावती जिल्ह्यांचा मोठा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. येथील काळी चिकण माती पावसाळ्यात चाकाला चिकटते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर आणि खारपाणपट्ट्यातील गावांच्या वाटांवर पक्के रस्ते होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने बैलगाडी व ट्रॅक्टर वगळता फार थोडी वाहने जात. जीप त्यांपैकी एक होती. उत्तरेकडे गाविलगडचे डोंगर व मेळघाट आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असून परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा रस्ता आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याचा घाट ही गिअरबॉक्सची खरी परीक्षा घेणारी ठिकाणे आहेत. पुढे लांब चेसिसच्या जीप व तत्सम गाड्या 'काळी-पिवळी' म्हणून प्रवासी वाहतुकीत आल्या. त्यांत बसणाऱ्या माणसांची संख्या कारखान्याने ठरविलेल्या संख्येपेक्षा नेहमीच जास्त असे, हे सांगावयास नको.

या परिस्थितीचा गिअरबॉक्सवर दुहेरी परिणाम होतो. चिखलात लो गिअरमध्ये दीर्घकाळ ओढ पडते आणि उन्हाळ्यात तेल पातळ होते. अकोल्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत गाडीखालच्या पेटीतील तेल आणखीच तापते, रबरी सील कडक होऊन गळू लागतात आणि तेलाची पातळी कोणाच्या लक्षात न येता खाली जाते.

रचना

टी-९० ची पेटी बिडाची असून तिचे तोंड वरच्या बाजूस आहे. पुढून इंजिनाची गती इनपुट शाफ्टने आत येते. या शाफ्टचे पुढचे टोक फ्लायव्हीलमधील पायलट बुशमध्ये व मागची बाजू पेटीच्या पुढच्या भिंतीतील बॉल बेअरिंगमध्ये टेकलेली असते. मेन शाफ्टचे पुढचे टोक इनपुट शाफ्टच्या पोकळीत सुट्या रोलरांवर फिरते आणि मागचे टोक पेटीच्या मागील बेअरिंगमधून थेट ट्रान्सफर केसमध्ये जाते. खाली काउंटर शाफ्टवर चार गिअरांचा एकसंध गठ्ठा असतो. त्याला क्लस्टर गिअर म्हणतात. हा गठ्ठा सुईसारख्या बारीक सुट्या रोलरांवर फिरतो व त्याच्या दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर असतात.

पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८, दुसऱ्याचे १.५५१ व तिसऱ्याचे १ असते; रिव्हर्सचे ३.७९८. तिसरा गिअर सरळ जोडणीचा असल्याने त्यात क्लस्टरवर भार पडत नाही, ही गोष्ट निदानाच्या वेळी उपयोगी पडते. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रो रिंग आहे, पहिल्याला नाही. म्हणून चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यावयाचे असल्यास क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनाचा वेग वाढवावा लागतो. जुन्या चालकांना ही रीत अंगवळणी पडलेली होती. नव्यांना ती बहुधा येत नाही आणि त्याची किंमत पहिल्या गिअरचे दाते मोजतात.

स्पायसर १८ ट्रान्सफर केसमध्ये साखळी नसून सर्व गती गिअरांनीच पुढे जाते. लो गिअरमध्ये तिचे गुणोत्तर २.४६ असते. सीजे-३बीच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ५.३८ धरले, तर पहिल्या गिअरात व लो मध्ये इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चिखलातून निघण्याचे जीपचे सामर्थ्य मुख्यतः या आकड्यात आहे. इंजिन तसे लहानच, सुमारे २.२ लिटरचे होते. या केसमध्ये टू व्हील हायमध्येही शक्ती मधल्या इंटरमीडिएट गिअरमधून जाते, त्यामुळे जुन्या जीपचा ओळखीचा 'घुंऽऽ' असा आवाज काही प्रमाणात स्वाभाविकच असतो.

दुसरा गिअर का निसटतो

दुसऱ्या गिअरचे दाते तिरके म्हणजे हेलिकल असतात. असे दाते फिरताना केवळ फिरवण्याचे बल देत नाहीत, तर शाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेनेही ढकलतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना हा धक्का एका दिशेने असतो आणि उतारावर पाय काढताच, म्हणजे चाके इंजिनाला फिरवू लागताच, तो उलट्या दिशेने होतो. बेअरिंग व वॉशर घट्ट असतील तर शाफ्ट जागचा हलत नाही. प्ले वाढलेला असेल तर पायाच्या प्रत्येक उचलीबरोबर शाफ्ट व गिअर केसभर मागे-पुढे सरकतात, स्लीव्हचे दाते गिअरच्या लहान दात्यांवरून थोडे थोडे मागे येतात आणि शेवटी सुटतात. म्हणूनच चढावर व्यवस्थित राहणारा गिअर उतारावर निसटतो.

घाटात याचा अर्थ काय होतो, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांब उतारावर ते सतत दाबल्यास तापतात व त्यांची पकड कमी होते, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरात ठेवून इंजिनाच्या आडकाठीवर उतरवली जाते. गिअर निसटला की ही आडकाठी एका क्षणात नाहीशी होते आणि गाडी न्यूट्रलमध्ये धावू लागते. पहिला गिअर सिंक्रोचा नसल्याने तो त्या वेगात लागत नाही; दुसरा पुन्हा लावता आला तरी पुन्हा निसटू शकतो.

यावर चालक करतात तो तात्पुरता उपाय म्हणजे उतारावर गिअरची दांडी हाताने दाबून धरणे. काही गाड्यांत दांडीला रबरी ट्यूबचा पट्टा बांधलेलाही दिसतो. या उपायाने गिअर फोर्क स्लीव्हच्या खाचेवर सतत घासत राहतो, फोर्कची जाडी व खाचेच्या कडा दोन्ही झिजतात आणि मूळ दोषात दुसऱ्या दोषाची भर पडते. अशा पट्ट्यासह विकावयास आलेली जीप घेणाऱ्याने गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च किमतीतच धरावा.

प्ले हे प्रमुख कारण असले तरी एकमेव नाही. फोर्कच्या दांड्याला जागेवर धरणारी गोळी व स्प्रिंग कमकुवत झालेली असणे, फोर्क वाकलेला असणे, स्लीव्हच्या व गिअरच्या लहान दात्यांच्या कडा गोल झालेल्या असणे, पायलट बुश सैल असल्याने इनपुट शाफ्ट डुलणे, बेल हाउसिंग इंजिनाला सरळ न बसणे, गिअरबॉक्सखालच्या रबरी माउंटिंग तुटलेल्या असणे, यांपैकी कोणतेही कारण एकट्याने किंवा इतरांसह हा दोष निर्माण करते. माउंटिंगचे कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

उघडण्यापूर्वीचे निदान

गिअरबॉक्स गाडीत असतानाच बरेच काही कळते. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर ऐकू येत असेल व क्लच दाबताच ती थांबत असेल, तर इनपुट बेअरिंग किंवा क्लस्टरचे रोलर यांचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा किंवा पायलट बुशचा असतो.

चालत्या गाडीत पहिल्या व दुसऱ्या गिअरात आवाज येतो, पण तिसऱ्यात नाहीसा होतो, असे असल्यास दोष क्लस्टरकडे आहे, कारण तिसऱ्यात त्याच्यावर भार नसतो. आवाज तिन्ही गिअरांत राहून इंजिनाच्या नव्हे तर गाडीच्या वेगाबरोबर चढत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष असण्याची शक्यता मोठी असून ट्रान्सफर केस किंवा अ‍ॅक्सल तपासावे. ही साधी चाचणी न करता गिअरबॉक्स उतरविल्याने पुष्कळ श्रम वाया जातात.

गिअर लावताना खरखर होत असेल तर सिंक्रो रिंगला दोष देण्याआधी क्लच पूर्ण सुटतो की नाही ते पाहावे. क्लच दाबून काही सेकंद थांबावे व मग रिव्हर्स लावावा. थांबूनही दाते घासत असतील तर क्लच सुटत नाही. अशा वेळी नवी सिंक्रो रिंगही थोड्याच दिवसांत खराब होते.

शेवटी तळाचा बोल्ट काढून तेल एका स्वच्छ भांड्यात घ्यावे. बारीक राखाडी भुकटी ही वयाची खूण आहे. पितळी चमक सिंक्रो रिंगची किंवा थ्रस्ट वॉशरची झीज दाखवते. बोटाला टोचणारा पोलादी कण, दात्याचा तुकडा किंवा तुटलेला रोलर सापडल्यास गाडी पुढे चालवू नये.

उतरविणे

टी-९० व स्पायसर १८ हे एकत्रच खाली घेतात. त्यासाठी केबिनमधील मधली पत्र्याची झाकणे, गिअरच्या व ट्रान्सफर केसच्या दांड्या, पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटर केबल, हँडब्रेकची तार, क्लचची जोडणी आणि खालचा आडवा क्रॉसमेंबर सोडवावा लागतो. क्रॉसमेंबर काढताच इंजिनाची मागची बाजू लोंबते, म्हणून तिच्याखाली आधी जॅक लावलेला असावा. गिअरबॉक्स मागे ओढताना त्याचे वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लटकू देऊ नये. प्लेट वाकते आणि जोडणी झाल्यावर क्लच सुटेनासा होतो, हा दोष मग पुन्हा गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. दोन माणसे व एक जॅक यांशिवाय हे काम करू नये.

दोन पेट्या वेगळ्या करताना एक युक्ती मूळ दुरुस्ती-पुस्तिकेतच दिलेली आहे. ट्रान्सफर केसच्या मागील गोल झाकण काढल्यावर मेन शाफ्टच्या टोकावरील कॉटर पिन, नट व गिअर काढता येतो. त्यानंतर केस ओढली, तर तिच्याबरोबर मेन शाफ्टही मागे येऊन आतले भाग पेटीत पडू शकतात. म्हणून वरच्या तोंडातून दुसऱ्या गिअरच्या मागे मेन शाफ्टभोवती तार गुंडाळून तिची टोके झाकणाच्या स्क्रूंना बांधतात आणि मगच केस सोडवतात. शाफ्टच्या टोकावर शिशाच्या किंवा तांब्याच्या हातोडीनेच ठोकावे. पोलादी हातोडीने नटाचे आटे बसतात.

काउंटर शाफ्ट व रिव्हर्सचा शाफ्ट यांना मागच्या बाजूस एकच लहान पट्टी अडवून धरते. ती काढल्यावर काउंटर शाफ्ट मागच्या दिशेने बाहेर ढकलतात. तो ढकलताना पुढून त्याच व्यासाचा, पण क्लस्टरच्या लांबीएवढाच आखूड दांडा आत सरकवला, तर सुटे रोलर जागच्या जागी राहतात. असा दांडा लेथवर थोड्या वेळात बनतो. तो न वापरल्यास रोलर पेटीत विखुरतात आणि त्यांतील एक न सापडणे ही या कामातील नेहमीची दुर्दशा आहे. रोलर काढताना मोजावे व जोडताना पुन्हा मोजावे. मुख्य शाफ्ट, मागचे बेअरिंग काढल्यानंतर, गिअरांसह वरच्या तोंडातून बाहेर घेतात.

तपासणी व मापे

सर्व भाग डिझेलमध्ये धुऊन वाळवावेत. धुतलेले बेअरिंग हवेच्या फवाऱ्याने गरगर फिरवू नये. तेलाविना फिरल्याने चांगले बेअरिंगही खराब होते. बेअरिंगला दोन थेंब तेल देऊन हाताने सावकाश फिरवावे. अडखळ जाणवली, किंवा गोळ्यांच्या वाटेवर खड्डे दिसले, तर ते बदलावे. एवढी पेटी उघडल्यावर जुनी बेअरिंगे परत बसविणे ही बचत नव्हे.

मापांत सर्वांत महत्त्वाचे माप क्लस्टर गिअरच्या मागे-पुढे होण्याचे आहे. मूळ पुस्तिकेनुसार ते ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे सुमारे ०.३० ते ०.४६ मिलिमीटर असावे. फिलर गेजने हे सहज मोजता येते. माप जास्त भरल्यास नवे किंवा अधिक जाडीचे थ्रस्ट वॉशर घालून ते आत आणतात. या वॉशरची किंमत नव्या गिअरच्या तुलनेत नगण्य असते, आणि तरीही कित्येक पेट्यांत नवा गिअर जुन्या वॉशरांवर बसविलेला आढळतो. वॉशरचा जीभेसारखा भाग पेटीच्या खाचेत बसतो. तो तुटला असेल तर वॉशर फिरून बिडाची भिंत खातो. भिंत खाल्लेली असल्यास ती लेथ किंवा मिलिंग यंत्रावर सपाट करून घेतल्याखेरीज कोणत्याही वॉशरचा उपयोग होत नाही.

सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून फिरवून पाहावी. चांगली रिंग शंकूला धरते व तिच्यात आणि गिअरच्या लहान दात्यांत स्पष्ट फट राहते. फट जवळजवळ मिटली असेल किंवा आतले बारीक आटे गुळगुळीत झाले असतील तर रिंग संपली. लहान दात्यांची टोके अणकुचीदार असावीत. ती गोल किंवा तिरपी घासलेली असतील तर त्या गिअरला व स्लीव्हला बदलण्यावाचून पर्याय नाही.

मोठ्या दात्यांवर सौम्य झिलई असणे सामान्य आहे. पृष्ठभागावर खवले निघालेले किंवा बारीक खड्डे पडलेले दाते मात्र बदलावे लागतात. दुसरा गिअर व क्लस्टर एकत्र झिजलेले असल्याने त्यांपैकी एकच नवा घातला, तर जोडीचा आवाज येतो आणि नव्याची झीज लवकर होते. शक्य तेथे जोडी बदलावी.

तुटलेला दाता वेल्डिंगने भरून कानशीने घडविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. गिअरचा पृष्ठभाग उष्णोपचाराने कठीण केलेला असतो आणि आतला भाग चिवट ठेवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ही रचना मोडते. भरलेला दाता रिव्हर्ससारख्या क्वचित वापराच्या गिअरात काही काळ टिकू शकतो, पण दुसऱ्या गिअरात त्यावर विसंबणे घाटातील प्रवाशांच्या दृष्टीने समर्थनीय नाही. शाफ्टची घासलेली जागा लेथवर घासून कमी करण्याबाबतही हेच म्हणता येईल: कमी केलेल्या शाफ्टवर प्रमाणित मापाचे बेअरिंग सैलच बसते. उलट बेअरिंगची पेटीतील जागा मोठी झाली असल्यास ती बोअर करून त्यात पोलादी स्लीव्ह घट्ट बसविणे ही मान्य व टिकाऊ पद्धत आहे. बिडाच्या पेटीला गेलेली तडा ब्रेझिंगने भरता येते, मात्र ती बेअरिंगच्या जागेतून गेलेली नसावी.

ट्रान्सफर केस

गिअरबॉक्स उघडल्यावर ट्रान्सफर केस न उघडता तशीच जोडणे हा खोटा काटकसरीपणा ठरतो. स्पायसर १८ मध्ये पहिल्यांदा झिजतो तो इंटरमीडिएट शाफ्ट, कारण सर्व गती त्याच्यावरील गिअरमधून जाते. खड्डे पडलेला शाफ्ट बदलावा. नवा घेताना व्यास मोजून घेणे आवश्यक आहे. निरनिराळ्या काळात हा शाफ्ट ३/४, १ १/८ व १ १/४ इंच अशा तीन मापांत निघाला. युद्धकाळातील जीपचे भाग नंतरच्या जीपला लागत नाहीत ते यामुळेच. मागील आउटपुट शाफ्ट टेपर रोलर बेअरिंगांवर असून त्याचा ताण शिमने जुळवतात. शिम कमी-जास्त झाल्यास एक तर बेअरिंग तापते किंवा शाफ्ट डुलून सील गळतो.

लो गिअर पुढचे चाक जोडल्याशिवाय लागू नये यासाठी या केसमध्ये अटकाव करणारी लहान पिन असते. सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडू नये, हा तिचा हेतू आहे. दुरुस्तीच्या वेळी ही पिन मुद्दाम काढून टाकणारे मिस्त्री आहेत. जोपर्यंत मागचा हाफ शाफ्ट तुटत नाही तोपर्यंत चालकाला ते सोयीचे वाटते.

जोडणी

जोडताना क्रम उलटा. क्लस्टरमधील रोलर घट्ट ग्रीजने चिकटवून आखूड दांड्यावर धरतात, क्लस्टर पेटीच्या तळाशी ठेवतात, मेन शाफ्ट व इनपुट शाफ्ट बसवून झाल्यावर क्लस्टर उचलून काउंटर शाफ्ट घालतात. वरचे झाकण बसविताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि दोन्ही फोर्क आपापल्या खाचेत असल्याची खात्री करावी. गिअरबॉक्स गाडीत चढविण्यापूर्वी इनपुट शाफ्ट हाताने फिरवून सर्व गिअर लावून पाहावेत. प्रत्येक गिअरात शाफ्ट सहज फिरला पाहिजे. क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी जुना, निकामी इनपुट शाफ्ट हे उत्तम हत्यार आहे. तो भंगारात देऊ नये. पायलट बुश बदलण्याची योग्य वेळही हीच.

तेल

या जोडपेटीचे एक वैशिष्ट्य असे की गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांची तेले पूर्णपणे वेगळी राहत नाहीत. मधल्या बेअरिंगच्या बाजूने तेल एका पेटीतून दुसरीत जाते. त्यामुळे गिअरबॉक्समधील तेल बाहेर कोठेही न गळता कमी होऊ शकते आणि ट्रान्सफर केस गच्च भरलेली आढळू शकते. दोन्ही पेट्यांचे फिलर बोल्ट उघडून पातळी पाहावी, एकाची पाहून दुसरीची गृहीत धरू नये, आणि दोन्हींत एकच तेल घालावे.

मूळ शिफारस जाड खनिज गिअर तेलाची, ९० ग्रेडची आहे. आज बाजारात मिळणारे जीएल-५ दर्जाचे तेल अ‍ॅक्सलसाठी बनविलेले असते. त्यातील गंधकयुक्त द्रव्ये तापलेल्या स्थितीत पितळी सिंक्रो रिंगा व वॉशर खराब करू शकतात, म्हणून या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ किंवा साधे खनिज तेल योग्य ठरते. 'जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले' हा समज येथे नुकसानकारक आहे. आवाज दडपण्यासाठी तेलात ग्रीज किंवा लाकडाचा भुसा मिसळण्याचे प्रकार जुन्या गाड्या विकताना होत आलेले आहेत. तेल काढून पाहिल्याने तेही उघड होते.

दुरुस्तीनंतर प्रथम सपाट रस्त्यावर, मग सौम्य उतारावर गाडी दुसऱ्या गिअरात चालवून अ‍ॅक्सिलरेटर दाबणे व सोडणे आळीपाळीने करून पाहतात. दांडीवर हात नसावा. दांडी प्रत्येक वेळी मागे-पुढे हलताना दिसली, तर प्ले शिल्लक आहे. काहीशे किलोमीटरनंतर तेल एकदा बदलून त्यातील कण पाहावेत.

सुटे भाग

सीजे मालिका जगभर दीर्घकाळ वापरात असल्याने टी-९० चे बेअरिंग, रोलर, वॉशर, सिंक्रो रिंगा व सील आजही नवे मिळतात. मुंबईतील कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार आणि पंजाब-हरियाणा सीमेवरील, जीप बांधणीसाठी प्रसिद्ध असलेले डबवाली ही महाराष्ट्रातील जीपधारकांना परिचित ठिकाणे आहेत. जुन्या पेटीतून निघालेले भाग घेताना वर दिलेली दात्यांची व शाफ्टची तपासणी दुकानातच करावी. बेअरिंग मात्र प्रमाणित आकाराचे असल्याने त्यावरील क्रमांक दाखवून ते अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकते. 'जीपचे बेअरिंग' म्हणून मागितल्यास नकार मिळणे आणि क्रमांक सांगितल्यास तेच मिळणे हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मोर्णा नदीच्या काठी असदगड किल्ल्याभोवती वसलेल्या अकोल्याच्या जुने शहर भागासारख्या दाट वस्तीत लिफ्ट किंवा खड्डा असलेले गॅरेज उभारण्यास जागा मिळणे कठीण असते. अशा ठिकाणी गाडी ठोकळ्यांवर घेऊन, ताडपत्रीवर काम होते. त्यात तत्त्वतः काही चूक नाही. या गिअरबॉक्सची रचनाच युद्धभूमीवर उघड्यावर दुरुस्त करता यावी अशा वाहनातून आलेली आहे. मात्र धूळ आणि सुटे रोलर एकत्र नांदत नाहीत, म्हणून पेटी उघडण्याचे काम तरी बंद खोलीत करावे.

गिअरबॉक्स बदलणे व नियम

टी-९० दुरुस्त न करता त्याजागी चार किंवा पाच गतींचा गिअरबॉक्स, बहुधा डिझेल इंजिनासह, बसविण्याची प्रथा मोठी आहे. डिझेल इंजिनाचे हिसके टी-९० ला झेपत नाहीत, हे त्याचे एक खरे कारण आहे. अशा बदलात प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन, क्रॉसमेंबरची जागा आणि बेल हाउसिंगचा जोडपट्टा हे सर्व बदलते, आणि जोडपट्टा काटेकोर केंद्रित नसेल तर गिअर निसटण्याचा जुना दोष नव्या पेटीतही उद्भवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळे होईल असा बदल नियमांच्या चौकटीतच करता येतो. इंजिन बदलल्यास नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. मूळ गिअरबॉक्सची दुरुस्ती केल्यास हा प्रश्न येत नाही.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले असून ती भंगारात काढणे बंधनकारक आहे. त्यामुळे शासकीय जीप लिलावातून खासगी मालकाकडे येण्याचा जुना मार्ग या वाहनांपुरता बंद झाला आहे.